पदके : निरंक

नाव पुकारलं गेलं तेव्हा शरणप्पा बिराजदार खुर्चीतून उठला, धोतराचा सोगा सारखा केला आणि छाती थोडी पुढं काढून उभा राहिला. कलेक्टर कचेरीच्या नव्या हॉलला अजून रंगाचा वास येत होता. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, तरी भिंतींवरच्या पाट्यांवर 'तालुका' खोडून 'जिल्हा' लिहायचं काम कुठं ना कुठं चाललेलंच असायचं. माजी सैनिकांचा सत्कार होता. माइकपाशी उभा असलेला कारकून तरुण होता, आवाज चांगला होता त्याचा, आणि कागदावर होतं ते तो सरळ वाचत होता. हवालदार शरणप्पा मलप्पा बिराजदार, मूळ राहणार रेणापूर भाग, हल्ली मुक्काम लातूर. युद्ध, सन एकाहत्तर, पूर्व आघाडी. पदके, निरंक. टाळ्या वाजल्या. सगळ्यांना वाजल्या होत्या तेवढ्याच वाजल्या. शरणप्पानं पुढं जाऊन शाल घेतली, नारळ घेतला, साहेबांना सलाम केला आणि परत जागेवर येऊन बसला. बसल्यावर त्याला कळलं की उजव्या कानात बारीक गुणगुण सुरू झाली आहे, एकाहत्तरला बांबूच्या बेटाशेजारी तोफगोळा फुटल्यावर झाली होती तशी. पुढची नावं त्याला ऐकू आली नाहीत. आपल्या नावापुढं जे वाचलं ते चुकून दुसऱ्याचं असेल, असं त्याला काही वेळ वाटत राहिलं. मग वाटलं, बायकांच्या बाजूला मागं महादेवी बसली आहे, तिला ते ऐकू गेलं नसावं. हॉल मोठा होता आणि पंखे आवाज करत होते.

तिला ऐकू गेलं होतं. गंजगोलाईच्या बाजारपेठेकडं चालत येताना ती नारळ पोटाशी धरून त्याच्या मागं दोन पावलं चालत होती. पंधरा ऑगस्ट होता आणि आभाळात ढगाचं नाव नव्हतं. पाण्याचा टँकर एका बोळाच्या तोंडाशी अडकला होता आणि त्याच्या भोवती घागरींची गर्दी झाली होती. त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "निरंक म्हंजी काय वो?"

"कागदातला शब्द हाय."

"ते कळलं. म्हंजी काय?"

"काही न्हाई, असं."

ती थांबली. तोही थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली तरी ती बाजूला झाली नाही. "काही न्हाई?" ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. शब्द नीट ऐकू आला की नाही हे पडताळून पाहावं तसं ती विचारत होती. शरणप्पा म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक असेल, बघतो. मग दोघं घरी आले. नारळ तिनं देवळीत ठेवला. तो फोडला नाही, पुढं कित्येक दिवस तो तिथंच होता.

शरणप्पा बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. पलटण सुटल्यापासून तीच नोकरी. उभं राहण्याचं काम असं असतं की अंग एका जागी राहतं आणि मन पाहिजे तिथं जातं. एवढी वर्षं त्याचं मन फार लांब गेलं नव्हतं. आता मात्र आडतीवरून आलेले व्यापारी, नव्या कचेऱ्यांचे शिपाई, पगाराच्या दिवशीचे मास्तर त्याच्यासमोरून आतबाहेर करत राहायचे आणि त्याला दिसायचं ते कापणी झालेलं भाताचं वावर. चिखल वरून सुकलेला आणि आत मऊ. सकाळचं धुकं उठत आलेलं. पुढं रेल्वेचा भराव, भरावावरून मशीनगन चाललेली, आणि वावराच्या मधोमध व्यंकट उताणा पडलेला. व्यंकट कंधारकडचा, पलटणीत नवा. लग्न होऊन दोन-तीन महिने झाले होते आणि बायकोचं नाव कुणी काढलं की कानापर्यंत लाल व्हायचा. शरणप्पा तेव्हा नायक होता. मागून सुभेदार ओरडत होते, थांब म्हणून. तो थांबला नाही. सरपटत गेला, व्यंकटला खांद्यावर टाकलं आणि वाकून पळत सुटला. खांद्यावर असताना व्यंकटचा एक हात त्याच्या छातीवर होता, शर्टाला घट्ट, एवढा घट्ट की वरचं बटण तुटलं. ते बटण तुटल्याचं त्याला इतकं स्वच्छ आठवत होतं की गोळ्यांचे आवाज आठवायला त्रास पडायचा.

लढाई थांबल्यावर कर्नलसाहेबांनी सगळ्या पलटणीपुढं त्याचं नाव घेतलं. सेना मेडल मंजूर झालंय, मागाहून येईल, म्हणाले. मग पलटण हलली, साहेब बदलून गेले, आणि ते मागाहून काही आलं नाही. त्यानं विचारलं नाही. आपलं मेडल कुठं अडकलंय असं विचारत हिंडायला त्याला लाज वाटली. डिस्चार्जचं पुस्तक इंग्रजीत होतं. पेटीच्या तळाशी ते होतं एवढं त्याला ठाऊक होतं, आणि मेडल त्यात लिहिलेलं असणार हे तो धरून चालला होता.

पण घरात मेडल होतं. बोलण्यात होतं. भरावावरून मशीनगन चालू होती त्याच आठवड्यात रेणापूरच्या अलीकडं त्यांच्या गावात त्यांची लेक चन्नी गेली होती, दीड वर्षांची. ताप आला, दवाखान्यात नेली, तिथं गेली. एवढंच त्याला कार्डावरून कळलं होतं, तेही लढाई थांबल्यावर. सुट्टीवर आला तेव्हा महादेवी जोत्यावर बसली होती. तिनं रडून दाखवलं नाही. तिनं विचारलं, "त्या दिसांत तुम्ही कुठं होता?" आणि त्यानं सांगितलं. वावर, भराव, व्यंकट, खांदा, कर्नलसाहेब, सगळं सांगितलं, कारण त्याच्यापाशी सांगायला दुसरं काहीच नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी तिकडं एक जीव राहिला." त्या दिवसापासून ती त्या वाक्यावर जगत आली होती. पुढं मूल झालं नाही. कुणी सोयरी उगाच हळहळली की महादेवी सांगायची, आमच्या मालकांनी लढाईत माणूस वाचवला, सरकारनं मेडल दिलंय. कधीमधी ती त्यालाच विचारायची, "आता त्या व्यंकटला लेकरं असतील न्हाई?" आणि तो म्हणायचा, "असतील."

तो तसं म्हणायचा तेव्हा त्याला पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलातली खाट दिसायची. तो एकदाच तिथं गेला होता. व्यंकटनं त्याला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं केलं. कमरेखालचं अंग गेलं होतं. बाहेर पडताना व्हरांड्यात एक नर्सिंगवाला शिपाई सहज बोलून गेला, कण्याला लागलेल्या माणसाला असं खांद्यावर टाकत नसतात, फळीवर घ्यावं लागतं. शरणप्पानं त्याला विचारलं होतं, वावरात फळी कुठून आणणार. शिपाई म्हणाला, ते बी खरं हाय. आणि ट्रे घेऊन निघून गेला. त्यानंतर शरणप्पा व्यंकटला भेटला नाही. कंधार काही लांब नव्हतं. एस.टी. जात होती.

माजी सैनिकांच्या ऑफिसातले कारकून चांगले निघाले. त्यांनी अर्ज लिहून दिला, पाठवला, पुन्हा आठवण पाठवली. कळलं ते असं की मेडलच्या हुकमात नाव बरोबर होतं आणि शिपाई नंबरातला एक आकडा चुकला होता. त्या चुकलेल्या नंबराचा माणूस पलटणीत कुणी नव्हताच. म्हणजे इतकी वर्षं मेडल होतं, आणि ते नसलेल्या माणसाच्या नावावर होतं. दुरुस्ती होईल, पण कर्नलसाहेब वारले होते, सुभेदारांचा पत्ता लागत नव्हता. डोळ्यांनी पाहिलेला कुणीतरी साक्षीला पाहिजे. "ज्याला उचललं तो हाय का हयात?" कारकुनानं विचारलं. शरणप्पानं टेबलावरच्या अर्जाकडं पाहिलं. "हाय," तो म्हणाला. "मग काय," कारकून म्हणाला, "त्याच्यापेक्षा मोठा साक्षीदार कोण?"

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा महादेवी चुलीपाशी होती. तिनं भाकरी तव्यावर तशीच राहू दिली. "जावा की मग," ती म्हणाली. "ते न्हाई म्हणतील का? जीव दिला तुम्ही त्यांना."

कंधारला तो एकटा गेला. अहमदपूर सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोजगार हमीची माणसं खडी फोडत बसली होती, डोक्यावर फडकी, तोंडावर धूळ. बस त्यांच्यामधून हळूहळू गेली. किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत व्यंकटचं घर सापडलं. दार उघडंच होतं. आत खाट अशी ठेवली होती की पडल्या पडल्या रस्ता दिसावा. त्या खाटेवरच्या माणसाला त्यानं ओळखलं नाही. दाढी वयाच्या आधीच पांढरी झाली होती, मान मात्र मोठी आणि दांडगी, कारण सगळं अंग मानेनं आणि हातांनीच ओढायचं होतं. व्यंकटनं त्याला ओळखलं.

"या नाईकसाब," तो म्हणाला. "बसा. बाई कामावर गेली हाय, खडीवर. येईल आता. पाणी त्या माठात हाय, तुमचं तुम्हीच घ्या."

शरणप्पानं पाणी घेतलं नाही. माठ अर्ध्याच्या खाली होता. तो खाटेशेजारी फरशीवर बसला. कोपऱ्यात धुतलेल्या चिंध्यांची चवड होती, आणि खोलीत औषधाचा, घामाचा आणि त्यांच्याखालून येणारा आणखी एक वास होता. तो वास, चिघळलेल्या जखमेचा, ओळखायला तो पलटणीत असताना शिकला होता. काय बोलायचं ते त्यानं बसमध्ये जुळवलं होतं. आता त्यातलं काही आठवेना. त्यानं सरळ काम सांगितलं. नंबर चुकला, मेडल अडकलं, साक्ष पाहिजे. बोलताना आपलाच आवाज त्याला एखाद्या उधारी मागायला आलेल्या माणसासारखा वाटला.

व्यंकटनं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "काय ल्ह्यायचं हाय त्यात?"

"जे झालं ते. तू पडला होतास. मी आलो. तू माझा शर्ट धरला व्हतास, घट्ट."

"धरला नव्हता," व्यंकट म्हणाला.

"बटण तुटलं माझं."

"तुटलं असंल. मी तुम्हाला ढकलत होतो, नाईकसाब. खाली ठिवा म्हणून. पडलो तवा पाय होते मला. वावर आतून ओलं होतं, बुटात पाणी शिरलं होतं, पायाला थंडी वाजून राहिली होती. ते मला पक्कं ठाऊक हाय. तुम्ही उचललं, पळाला, आन् तुमच्या खांद्यावर कवातरी ती थंडी वाजायची थांबली."

बाहेर रस्त्यावरून कुणी शेळ्या नेत होतं. शरणप्पा त्या शेळ्यांच्या पायांकडं बघत राहिला. पंधरा वर्षं तो हे वाक्य ऐकायचं चुकवत आला होता, आणि ते इतक्या साध्या आवाजात येईल असं त्याला वाटलं नव्हतं. व्यंकट रागानं बोलत नव्हता. राग असता तर शरणप्पाला पाय धरता आले असते. त्याला आपला उजवा खांदा जाणवू लागला. हाड, त्यावरचं मांस, बंदुकीच्या पट्ट्यानं पडलेला घट्टा. त्या खांद्यावर एका माणसाचे पाय थंड पडले होते, नव्हे, त्यांना थंडी वाजायची थांबली होती, आणि खांद्याला ते कळलं नव्हतं. तो फक्त पळत होता. पळताना त्याला आनंद झाला होता, हेही त्याला आता आठवलं. आपण वाचलो, हाही वाचला, असा आनंद.

"पण तिथं ठिवलं असतं तर मेलोच असतो," व्यंकट म्हणाला. "दोन्ही खरं हाय. मी लई दिस त्यातलं एक खोटं ठरवाया बघितलं. जमलं न्हाई. बोलवा तलाठ्याला. करतो सही. तुम्ही आलात, हे खरं हाय की. बाकीचे कुणी आले न्हाईत."

तेवढ्यात व्यंकटची बायको साखराबाई आली. हाताची बोटं चिंध्यांनी बांधलेली, लुगडं धुळीनं पांढरं झालेलं. तिनं पाहुण्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि हात धुवायला दोन ओंजळी पाणी घेतलं, तेही खाली घमेलं ठेवून, सांडलेलं पुन्हा वापरता यावं म्हणून. ती व्यंकटच्या मानेखाली हात घालून त्याला कुशीवर वळवू लागली तेव्हा शरणप्पा मदतीला उठला. "नका," ती म्हणाली, "मला एकटीला सवय हाय. दोघांनी धरलं की त्यांना दुखतं." दुपारी तलाठी आला, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. जिवाची पर्वा न करता, असे शब्द त्यात होते. माझे प्राण वाचवले, असे होते. व्यंकटनं छातीवर पाट घेऊन सही केली. अक्षर अजून सुरेख होतं त्याचं.

परतल्यावर महादेवीनं पहिलं विचारलं, "कसे हाईत ते?" शरणप्पा पायातलं काढत होता, त्यामुळं त्याला तिच्याकडं बघावं लागलं नाही. "बरा हाय," तो म्हणाला. "सही दिली." "आन् घरची माणसं?" "बायको हाय. कामाची हाय." त्यापुढं ती काही विचारेल म्हणून तो लगेच बाहेर पडला आणि उगाचच गोलाईला एक वळसा घालून आला. सोळा दिशांना सोळा रस्ते फुटत होते आणि त्याला कुठंच जायचं नव्हतं.

दुरुस्ती झाली. हिवाळ्यात हुकूम आला, आणि सव्वीस जानेवारीला त्याच हॉलमध्ये माइकवरच्या त्याच तरुण कारकुनानं नाव वाचलं आणि पुढं सेना पदक म्हणून वाचलं. या वेळी टाळ्या जास्त वाजल्या. साहेबांनी स्वतः छातीवर मेडल लावलं. टाचणी कोटातून आत सरकताना त्याला साहेबांच्या बोटांचा दाब छातीवर जाणवला, आणि क्षणभर त्याला वाटलं की आपण मागं सरकू, सगळ्यांसमोर. तो सरकला नाही. पलटणीत शिकवलेलं अंगात होतं. बायकांच्या बाजूला महादेवी ताठ बसली होती. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी धरला होता. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा एखाद्या लांबच्या प्रवासाहून घरी आल्यासारखा सैल झाला होता. त्यानं तिला असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. चन्नी पाळण्यात होती तेव्हा पाहिलं असेल.

घरी येऊन तिनं देवापुढं दिवा लावला आणि म्हणाली, "आता मला एकदा कंधारला न्या. त्यांना डोळ्यानं बघायचं हाय मला."

त्यानं थंडीचं निमित्त सांगितलं, मग सुट्टीचं, मग बसच्या गर्दीचं. ती प्रत्येक वेळी होय म्हणाली आणि चार दिवसांनी पुन्हा तेच बोलली. एका बाजाराच्या दिवशी तो बँकेतून आला तेव्हा खाटेवर एक फ्रॉक पसरलेला होता, पिवळा, गळ्याशी झालर असलेला. "त्यांच्या लेकराला," महादेवी म्हणाली. "मोठं माप घेतलंय. लहान असंल तर पुढं येईल." शरणप्पा फ्रॉककडं बघत उभा राहिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं त्यानं. ती फ्रॉकची घडी घालत होती, बाह्या आत दुमडून, एवढ्या जपून की आत मूल आहे असं वाटावं, आणि त्याच्या तोंडातून निघालं, "चांगला हाय."

फाल्गुनात ते गेले. बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, पिशवी मांडीवर. शरणप्पानं अहमदपूरला सांगायचं ठरवलं होतं. अहमदपूर गेलं. लोह्याला सांगू म्हणाला. लोह्याला बस बदलताना गर्दी झाली. कंधारच्या त्या गल्लीत शिरताना तो तिच्या पुढं चालत होता आणि दार दिसल्यावर त्याची पावलं आपोआप हळू झाली, आणि ती त्याच्या अंगावरून पुढं होऊन उंबऱ्यात उभी राहिली.

तिनं सगळं पाहिलं. खाट, चिंध्या, पांघरुणाखालचे दोन बारीक पाय, घमेलं, बोटं बांधलेली साखराबाई. ती किती वेळ उभी होती ते शरणप्पाला सांगता आलं नसतं. तो तिच्या पाठीकडं बघत होता. ती वळून आपल्याकडं बघेल असं त्याला वाटत होतं, आणि ती वळली नाही.

"वहिनी हाईत का?" व्यंकट म्हणाला. "या. आत या."

ती आत जाऊन खाटेजवळ बसली. व्यंकटनं हात जोडले. "वहिनी, तुमच्या मालकांनी मला उचलून आणलं," तो म्हणाला. "म्हणून मी हाय. सकाळी हितं ऊन येतं, रस्त्यानं माणसं जाऊन येऊन राहतात, मी बघतो. आई गेली तवा मी जवळ होतो तिच्या. हे समदं त्यांच्यामुळं. त्यांना मेडल मिळालं, बरं झालं."

तो हे तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. शरणप्पाकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही. शरणप्पा उंबऱ्याबाहेरच उभा होता आणि त्याला कळत होतं की हा माणूस आता त्याला उचलतो आहे. महादेवीनं व्यंकटच्या हातावर आपला हात ठेवला. "लई सोसलंत तुम्ही," ती म्हणाली, आणि साखराबाईकडं वळून, "आन् तुम्ही."

साखराबाईनं कुणी असं म्हणेल याची सवय नसल्यासारखं तोंड केलं आणि चहा ठेवायला उठली. दुधाचा नव्हता. मग पाठ पुसायची वेळ झाली तेव्हा महादेवीनं पदर खोचला. साखराबाई नको म्हणाली नाही. दोघींनी मिळून त्याला कुशीवर घेतलं, एकीनं मान धरली, एकीनं कंबर, आणि तो कण्हला नाही. शरणप्पा बाहेर ओट्यावर बसून आतल्या ओल्या फडक्याचा आवाज ऐकत राहिला. निघताना महादेवीनं पिशवीतून भाकऱ्या काढून दिल्या. फ्रॉक वर आला. साखराबाईनं तो पाहिला आणि तिला सगळं समजलं. "शेजारी एक हाय येवढी," ती हळूच म्हणाली. महादेवीनं फ्रॉक तिच्या हातात ठेवला.

परतीच्या बसमध्ये त्यानं वाट पाहिली. ती विचारेल, का खोटं बोललात. मला फ्रॉक का घेऊ दिलात. लोहा गेलं, माळाकोळी गेलं. ऊन खिडकीतून तिच्या हातांवर पडलं होतं. चाकूरच्या अलीकडं ती बोलू लागली, समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत.

"चन्नी दवाखान्यात गेली असं तुम्हाला कळवलं होतं. ते खरं न्हाई."

त्यानं तिच्याकडं मान वळवली.

"गाडी न्हवती. भावजी बैलं घेऊन बाजारला गेले होते. मी तिला पाठीला बांधून निघाले, रेणापूरला, चालत. ती वाटेतच गेली. मला कळलं. श्वासाची ऊब लागत होती मानेला, ती थांबली. पर मी थांबले न्हाई. तशीच चालत गेले. दवाखान्यात जाऊन नंबर लावला, बाकड्यावर बसले. बायका विचारत होत्या काय झालंय, मी म्हणत होते ताप हाय. कंपौंडरनं सोडून घेतली तवा त्यो माझ्याकडं असा बघाया लागला." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "कुणाला सांगितलं न्हाई. सासूबाईलाबी न्हाई. वाटायचं, आधी निघाले असते तर. वाटायचं, पाठीला बांधली म्हणून गुदमरली का. छातीशी धरायला पायजे होती का. असं लई वाटायचं. तुमचं मेडल होतं म्हणून निभावून नेलं मी."

बस खड्ड्यातून गेली आणि दोघंही सीटवरून उचलले गेले. कंडक्टर पुढं झोपला होता. शरणप्पाला वाटलं की तिचा हात हातात घ्यावा, आणि इतकी वर्षं सवय नसल्यानं तो कसा घ्यायचा हे त्याला सुचेना. त्यानं विचारलं, "कुठं? कुठल्या जागी?"

"ओढ्याच्या पुढं. बाभळी होत्या तिथं."

"मला दाखव."

दुसऱ्या दिवशी त्यानं बँकेत निरोप धाडला आणि दोघं गावच्या फाट्यावर उतरले. तिथून रेणापूरचा रस्ता ती पुढं आणि तो मागं, असे चालू लागले. ओढा कोरडा होता, त्यात पोरांनी पाण्यासाठी उकरलेले खड्डे होते. ओढ्याच्या पुढं तिनं वेग कमी केला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, थोडी पुढं गेली, पुन्हा मागं आली. रस्ता रुंद झाला होता. नव्या जिल्ह्याचा रस्ता, दुष्काळाच्या कामावर दोन्ही बाजूंनी वाढवलेला. बाभळी एकही उरली नव्हती. जिकडं तिकडं सारखेच खडीचे ढीग, आणि ढिगांपाशी माणसं वाकलेली. ती एका ढिगापाशी उभी राहिली, मग दुसऱ्यापाशी. एका बाईनं हातोडी थांबवून विचारलं, काय हरवलं का बाई. महादेवीनं मान हलवली.

"घावंना," ती त्याला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मोडला. "इथंच कुठंतरी होतं. मला वाटलं, मला डोळे झाकून सापडंल."

शरणप्पानं रेणापूरच्या बाजूला पाहिलं. रस्ता सरळ गेला होता, पांढरा, उन्हात थरथरत.

"मग समदा रस्ता चालू," तो म्हणाला. "दवाखान्यापर्यंत."

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती निघाली. या वेळी तो मागं राहिला नाही.